समोर बसलेला माणूस

चार वर्षांत मी बुद्धिबळाचे सहा हजारांहून अधिक डाव खेळले होते, आणि त्यातल्या एकाही डावात प्यादं हातात धरलं नव्हतं. सहा हजारांचा हिशेब माझा नाही, संकेतस्थळाचा. ते सगळं मोजून ठेवतं : जिंकलेले, हरलेले, बरोबरीत सुटलेले, वेळ संपल्यामुळे गेलेले. त्या हजारो माणसांपैकी एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही, एवढीच नोंद तिथे नसते.

खेळ शिकले २०२० च्या टाळेबंदीत. त्या ऑक्टोबरात ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली आणि घरोघरी लोक पट उघडून बसले. माझं कारण त्याहून साधं होतं. पुण्यात प्रकाशकांची कार्यालयं बंद होती, हातातलं काम लांबणीवर पडलं होतं आणि रात्र संपता संपत नव्हती. ‘लिचेस’ फुकट होतं, जाहिरातींशिवाय होतं. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २०१० मध्ये सुरू केलं. तिथे मी एक असं नाव घेतलं की त्यावरून बाई आहे की पुरुष, वय काय, देश कुठला, काहीच कळू नये. हे नाव मला फार आवडायचं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला असं निर्गुण निराकार होऊन वावरायला जागा कुठे मिळते?

हे सांगते आहे कारण माझ्या पोटापाण्याच्या भाषेशीही माझं नातं काहीसं असंच होतं. मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते. जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचं एम.ए. केलं. बुद्धदेव बसूंनी १९५६ मध्ये सुरू केलेला तो विभाग. बंगाली तिथे शिकले, पण वाचायला. वसतिगृहात हिंदी आणि इंग्रजीवर भागायचं. मग पुण्याला परतले आणि पुढची वीस वर्षं बंगाली माझ्यासाठी कागदावरच राहिली. कादंबरीतल्या म्हाताऱ्याच्या शिव्या मला कळत, त्यांची छटा मराठीत कशी आणायची हेही कळे. पण दोन वर्षांपूर्वी पुन्हा कलकत्त्यात राहायला आले तेव्हा मासळीवाल्यासमोर माझी वाचा बसायची. तो काय म्हणतो ते सगळं समजायचं. उत्तर देण्याआधी मात्र मी वाक्य मनात जुळवून बघायची, आणि तेवढ्यात तो हिंदीत शिरलेला असायचा. समोरचा आपल्यासाठी भाषा बदलतो यात सौजन्य असतं. त्यात एक दारही बंद होतं.

गडियाहाटच्या उड्डाणपुलाखाली बुद्धिबळ चालतं हे कलकत्त्यात सगळ्यांना माहीत आहे. वरून गाड्या जातात, बाजूला साड्या, भांडी, प्लास्टिकच्या बादल्या विकणारे फेरीवाले, आणि मध्ये खांबांच्या आडोशाला पट मांडून बसलेली माणसं. निवृत्त कारकून, शिकवणीवरून परतणारी मुलं, दुकान मिटवून आलेला कुणी. मी बाजाराची पिशवी घेऊन तिथून जाताना थोडी रेंगाळायची. पहिले कित्येक आठवडे नुसतीच रेंगाळले.

१२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश जगज्जेता झाला. त्यानंतरच्या संध्याकाळी पुलाखाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. एका पटावर चौदाव्या डावातली शेवटची स्थिती मांडली होती, आणि डिंग लिरेनच्या पंचावन्नाव्या खेळीवर सात-आठ जण एकदम बोलत होते. “नौका ओखाने केन?” नाव तिथे का नेली? मी ती खेळी घरी दहा वेळा पाहिलेली होती. पण माझ्या डोक्यात ती हत्तीची खेळी होती.

तेव्हा शेजारच्या पटावरचा खेळगडी उठला आणि मफलर गुंडाळलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “बौदी, खेलबेन नाकि?” बौदी म्हणजे वहिनी. पुलाखाली त्या वेळी मी एकटीच बाई होते. हातात कोथिंबीर डोकावणारी पिशवी होती. मी पिशवी पायाशी ठेवली आणि बसले.

पडद्यावरचा पट आपण वरून पाहतो, घारीसारखा. चौसष्ट घरं एका नजरेत मावतात, कुणी कुणाच्या आड येत नाही. खुर्चीवर बसून पाहिलं की पट आडवा पसरतो. आपला वजीर समोरच उंचच उंच उभा असतो. पलीकडच्या रांगेतलं प्यादं लहान दिसतं आणि घोड्यामागे अर्धं झाकलं जातं. तिरके पट्टे तर दिसतच नाहीत, ते मनात ओढावे लागतात. पडद्यावर समोरच्याची शेवटची खेळी रंगाने उजळते, मोहरा उचलला की तो कुठे कुठे जाऊ शकतो तिथे ठिपके उमटतात, राजाला शह बसला की त्याचं घर तांबडं होतं. इथे कुणीच काही उजळत नव्हतं. पुलाखालचा पिवळा दिवा सगळ्या घरांवर सारखाच पडला होता.

आणि हात. सहा हजार डावांत माझ्या हाताला काही कामच नव्हतं, बोटाच्या टोकाने भागत होतं. आता मोहरा उचलायचा, शेजारच्याला धक्का न लावता नेऊन ठेवायचा, त्याच हाताने घड्याळ दाबायचं. शिवाय जो मोहरा शिवला तो खेळलाच पाहिजे हा नियम. नुसता नीट करायचा असेल तर आधी तसं सांगावं लागतं. पडद्यावर मोहरा उचलून, हवेत फिरवून, परत जागेवर सोडता येतो. कुणाला कळतही नाही. इथे हात पुढे होण्याआधी मन ठाम झालेलं लागतं. माझी बोटं थरथरत होती. थंडी होतीच, पण तेवढ्या थंडीने बोटं थरथरत नाहीत.

श्टेफान झ्वाइगची ‘शाखनोव्हेले’ ही दीर्घकथा एम.ए.ला असताना वाचली होती. ती प्रथम छापली गेली १९४२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. तिच्यातल्या डॉ. बी.ला गेस्टापोने हॉटेलच्या एका खोलीत एकटं डांबलेलं असतं. त्याच्या हाती दीडशे डावांचं एक पुस्तक लागतं. आधी चौकड्याच्या पलंगपोसावर पावाचे मोहरे करून, नंतर तेही सोडून, तो सगळे डाव डोक्यात खेळतो. सुटल्यावर एका बोटीवर त्याला खरा पट दिसतो, आणि आपल्या मनात जे चालतं ते लाकडी ठोकळ्यांनी बाहेरही चालू शकतं याचाच त्याला अचंबा वाटतो. त्याच बोटीवर जगज्जेता चेंटोविच आहे. त्याचं नेमकं उलटं : डोळ्यांपुढे पट नसेल तर त्याला एकही डाव मनात धरता येत नाही. विशीत मी ती कथा छळाची आणि वेडाची म्हणून वाचली. पुलाखाली बसल्यावर मला तिच्यातली वेगळीच गोष्ट आठवली. डॉ. बी.ला सर्वांत असह्य होतं ते समोरच्याचं विचार करत बसणं. स्वतःशीच खेळणाऱ्याला दुसऱ्या माणसाची वाट पाहायची सवय कुठून असणार?

पडद्यावर समोरच्याचा विचार म्हणजे उतरत जाणारे आकडे. त्या वेळात मी चहा ठेवून यायची. इथे तो विचार माझ्यासमोर बसला होता. गृहस्थ मातीच्या भांडाची कड अंगठ्याने घासत होते. पाहत होते वजिराच्या बाजूला, मग नजर झटकन माझ्या राजाकडे आणि परत. त्यांना काय हवं आहे ते मला दिसत होतं, आणि मला ते दिसतं आहे हे त्यांनाही दिसत असणार. मी कुठे पाहते याचीही मग मला जाणीव झाली. निर्गुण निराकाराची सोय संपली होती. मला तोंड होतं, वय होतं, कपाळावर घाम होता.

पांढरे मोहरे त्यांच्याकडे होते. त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मी घोडा काढला, दुसऱ्या घोड्यापुढचं नव्हे, त्याच बाजूचं प्यादं एकच घर सरकवलं आणि उंट त्या खिडकीत बसवला. मागे उभ्या असलेल्यांपैकी एक जण पुटपुटले, “महेशचंद्र!” काही जण हसले.

हे महेशचंद्र बंदोपाध्याय एकोणिसाव्या शतकातले. कलकत्त्यात वकिली करणारा जॉन कॉक्रेन नावाचा एक तरबेज खेळाडू होता. त्याच्याशी ते १८५० च्या आसपासच्या दशकभरात शेकडो डाव खेळले. आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं. महेशचंद्रांचा हात त्या चालीत घडलेला होता. समोर युरोपी नियमांचा पट आला, प्याद्याला दोन घरांची मुभा मिळाली, तरी ते सावकाश एकेक घर पुढे सरकत, उंट कडेला लांब तिरक्या पट्ट्यावर बसवत आणि मधली जागा आधी समोरच्याला घेऊ देत. १८५५ सालच्या त्यांच्या एका डावाची सुरुवात आज ग्रुनफेल्ड बचाव म्हणून ओळखली जाते. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती १९२२ मध्ये जगापुढे आणली. हे सगळं मला वाचून माहीत होतं. पण एका चालीला या शहरात अजून माणसाच्या नावाने हाक मारतात, आणि तीही चेष्टेत, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं असतं?

डाव लांबला. भोवतीची माणसं वाढली. माझ्या खांद्यावरून एक बोट पटाकडे आलं, दुसऱ्याने घोडा सुचवला, तिसऱ्याने त्याला वेड्यात काढलं. बाई खेळते म्हटल्यावर सल्ल्याला ऊत आला होता. गृहस्थांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, “उनि खेलछेन, तोमरा नओ.” त्या खेळताहेत, तुम्ही नव्हे. बोट मागे गेलं.

पुढे वजिरावजिरी झाली, आणि त्यांच्या हत्तीने सातव्या रांगेत शिरून माझी दोन प्यादी उचलली. एकेक प्यादं ते दोन बोटांत धरून आपल्या बाजूला ओळीत उभं करत होते. पडद्यावर मारलेला मोहरा नाहीसा होतो. इथे तो काठावर उभा राहून बघत असतो. शेवटी माझा उरलेला एकुलता हत्ती त्यांच्या हत्तीवर पडला, दोन्ही पटाबाहेर गेले. मागून कुणीतरी अगदी सहज, डाळ संपली म्हणावं तसं म्हणालं, “नौकाटाओ गेलो.”

मी तिथे जागच्या जागी थांबले. कारण गेले दोन महिने नेमक्या या शब्दांपाशीच माझं काम अडलेलं होतं.

एका बंगाली कथेचा अनुवाद चालू होता. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेला एक म्हातारा नातवाशी बुद्धिबळ खेळतो आणि डावात हे वाक्य बोलतो : नावही गेली. बंगालीत पटाच्या कोपऱ्यातला मोहरा म्हणजे नौका. मराठीत तो हत्ती. ‘हत्तीही गेला’ म्हटलं की खेळ अचूक राहतो आणि पद्मा नदी वाहून जाते. ‘नावही गेली’ म्हटलं की नदी राहते, पण मराठी वाचक पटावर नाव शोधत बसतो. मी दोन्ही साधायच्या खटपटीत वाक्य लांबवलं होतं, त्याला एक सुस्कारा जोडला होता, एक टीपही लिहून ठेवली होती.

दोन-चार खेळ्यांनंतर मी राजा आडवा केला. हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि लगेच सोडला नाही; मोहरे परत मांडायला लागले. डाव संपल्यावर तो उलटा चालत जाऊन पाहायचा हा पुलाखालचा रिवाज. घरी हे काम यंत्र करतं. डाव संपताच ते प्रत्येक खेळीचं मोल दशांशात सांगतं आणि त्यावर वाद घालायला कुणी नसतं. इथे सहा माणसांची सात मतं होती. “घोडा इथे का आणलात?” असा प्रश्न मला आला. आता उत्तर द्यायला हवं होतं, बंगालीत, सगळ्यांदेखत.

मी वाक्य जुळवायला लागले. पण तेवढा अवकाश कोण देतो? अर्ध्या वाक्यालाच कुणीतरी धरलं, त्याचं पुढचं अर्धं स्वतः केलं, मी नाही म्हटलं, बोटाने घर दाखवलं आणि बोलत राहिले. क्रियापदं कुठे गेली, लकब कुठली लागली, कुणी पाहिलं नाही. हिंदीत कुणी शिरलं नाही. पटावरची घरं आम्हां सगळ्यांची सारखीच होती, त्यामुळे शब्द डगमगले तरी बोट स्थिर होतं. मग एक जण म्हणाले, “गजटा एखाने देखुन,” आणि माझी नजर आपोआप कोपऱ्याकडे गेली. गज म्हणजे हत्ती, आणि मराठी हत्ती कोपऱ्यात उभा असतो. त्यांचं बोट मात्र तिरक्या चालीच्या मोहऱ्यावर होतं. आपला उंट म्हणजे त्यांचा हत्ती.

मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांना मोठी मजा वाटली. तुमच्याकडे उंट? नदी नाही का तुमच्याकडे? मग मी मला ठाऊक होतं ते बोलत गेले. जुन्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेना होती. पुढे देशोदेशी प्रत्येकाने आपल्या आपल्या हिशेबाने ती पटावर उभी केली. मल्याळममध्ये कोपऱ्यात रथ आहे, तेरु, आणि हत्ती तुमच्यासारखाच तिरका जातो. रशियनमध्ये तर हुबेहूब तुमच्यासारखं : तिरका हत्ती आणि कोपऱ्यात नाव. तिरक्या चालीचा तोच मोहरा इंग्रजीत धर्मगुरू, फ्रेंचमध्ये विदूषक, जर्मनमध्ये धावपटू. आमचा वजीर फारसीतून आला. युरोपात गेल्यावर तो राणी झाला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीला पटभर धावायला लागला. एवढं सगळं मी एका दमात बंगालीत बोलले हे माझ्या लक्षात आलं ते घरी, जिन्यात.

त्या रात्री कथेचा खर्डा उघडला. इतके दिवस मी ‘नौकाटाओ गेलो’ या वाक्यात लेखकाची प्रतिमा वाचत होते. पुलाखाली ते वाक्य एका संध्याकाळी दहा वेळा ऐकू येतं. कुणाच्या मनात नदी नसते, फाळणी नसते. म्हातारा फक्त खेळतो आहे आणि खेळणाऱ्या प्रत्येक बंगाली माणसाप्रमाणे बोलतो आहे. दुःख आहे ते वाचणाऱ्याला ऐकू येतं. बोलणारा साधंच बोलतो. तेव्हा सुस्कारा काढून टाकला. टीप काढली. वाक्य तीन शब्दांचं केलं : ‘नौकापण गेली की.’ आणि त्याआधी दोन पानं, नातू मोहरे मांडतो तिथे, मुळातच असलेल्या वाक्यात कोपऱ्यातल्या नौका नौकाच ठेवल्या. मराठी मुलाला जो मोहरा हत्ती म्हणून ठाऊक आहे तो इथे नाव आहे हे वाचकाला तिथेच, नातवाच्या हातातून, कळेल.

मी पुलाखाली अजून जाते, आठवड्यातून एकदा तरी. एकदा जिंकले, पुष्कळदा हरले. त्या मफलरवाल्या गृहस्थांशी एक बरोबरी झाली, तिचा मला जिंकल्याहून जास्त आनंद झाला. आता मला कुणी बौदी म्हणत नाही. दिदि म्हणतात, आणि कधी घाईत नुसतंच, “ओ महाराष्ट्र, चाल दिन!” मासळीवाल्याशी मी भाव करते, चुकीच्या क्रियापदांसकट. पडद्यावरचे डावही सुटलेले नाहीत. मध्यरात्री समोरचं घड्याळ चालू असतं, त्या टोपणनावाला पन्नास सेकंद लागतात. पूर्वी मी या वेळात चहा ठेवून यायची. आता बसून राहते. कुठेतरी कुणीतरी आपला राजा आणि माझा वजीर यांच्यामध्ये नजर फिरवत असणार, कपाची कड घासत असणार.

कथा छापायला गेली तेव्हा संपादकांची एकच शंका आली. समासात लिहिलं होतं : बुद्धिबळात नौका कुठे असते? मी खाली लिहून पाठवलं : कलकत्त्यात, कोपऱ्यातल्या घरात. वाचक शोधतील.